वासा कोणी बांधला?

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि सह्याद्री ओलांडून थेट पुणे जिल्ह्यात शिरले. आमचे कळंब पुणे-नाशिक रस्त्यावरचे. समुद्राशी संबंध सुक्या मासळीपुरता. तरीही त्या दिवशी आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले. तेव्हा वादळात टिकणारे घर ही आता एकट्या कोकणाची चिंता उरलेली नाही. शिकायचे मात्र कोकणाकडूनच आहे.

श्रीवर्धन, दापोलीकडचे जुने घर आठवा. जांभ्याचे जोते, चारी बाजूंना उतरती पाखी, पाहुण्याने वाकून आत यावे इतकी खाली आलेली वळचण. भोवती माड-पोफळीची वाडी, पलीकडे सुरूचे बन. हे सारे पावसासाठी, असे आपण समजतो. पण वादळी वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, आणि उघड्या दारातून घुसलेला वारा आतून ढकलतो. छप्पर सपाट असेल तर ही ओढ वाढते. कौले सुटी, त्यांच्या फटींतून आतला दाब निसटतो. काही उडतात, पण सांगाडा वाचण्याची आशा राहते. पत्रा सुटला की आख्खा जातो आणि शेजाऱ्याच्या अंगणात तलवारीसारखा फिरतो. अर्थात जुने ते सगळेच शहाणे नव्हे. लांब वळचणीखाली वारा अडकतो. पडवीचे छप्पर वेगळे ठेवले, तर गेलेच तर तेवढेच जाते.

मग लोक पत्र्याकडे का वळले? माकडांमुळे! हसू नका. माकडे कौले फोडतात, दरवर्षी ती परतावी लागतात, आणि परतणारी मुले मुंबईला. आम्ही बँकवालेही त्यात होतो. घरकर्जाच्या अर्जातले 'पक्के घर' म्हणजे आमच्या लेखी स्लॅब. कौलारू घराची किंमत कमी. वासा तुळईला कसा जखडला आहे, हे विचारणारा रकाना नव्हता आणि मीही कधी विचारले नाही.

'निसर्ग'नंतर शासनाने पूर्ण पडलेल्या घराला दीड लाखाची मदत जाहीर केली. पावसाळा डोक्यावर होता. मिळेल ते छपरावर चढले. वर्षही झाले नाही तोच, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले. वासा भिंतीला आणि भिंत पायाला जखडा, कडेच्या पत्र्यांना बोल्ट जवळजवळ घाला, हे सांगणारी भारतीय मानक ब्युरोची मार्गदर्शिका २००४ पासून आहे. छपराच्या खर्चापुढे या पट्ट्या-बोल्टांचा खर्च किरकोळ. मदतीचा शेवटचा हप्ता हे बोल्ट पाहूनच द्यावा, आणि पाहणीला तलाठ्याबरोबर गावचा सुतारही न्यावा.