सांधा लपवू नका!

फर्निचरच्या धंद्यातील आमच्या वाचकांना 'डॅनिश डिझाइन' हा शब्द नवा नाही. निमुळते पाय, साधी पाठ, तेलपाणी केलेले लाकूड असा माल दिसला की त्यावर डेन्मार्कचे नाव चिकटविले जाते आणि किंमत वाढते. डिझाइनरचे नावही सांगितले जाते. पण तो माल प्रत्यक्ष घडविला कोणी, हे कोणी सांगत नाही. आमच्या मते या धंद्याचा खरा धडा त्या न सांगितलेल्या नावांत आहे.

कोपनहेगन शहरातील सुतारांचा संघ १५५४ सालचा. उत्तम लाकूडकाम करणाऱ्या उस्तादांची ही जुनी बिरादरी. परंतु १९२० नंतरच्या दशकात तिच्यावर कठीण वेळ आली. कारखान्यात बनलेला स्वस्त माल बाजारात आला, आणि महिनोन्‌महिने खपून घडविलेल्या कपाटाला गिऱ्हाईक मिळेना. हे दुखणे आपल्याकडील कारागिरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

संघाने यावर काय केले? १९२७ साली त्यांनी स्वतःचे प्रदर्शन सुरू केले. १९३३ पासून त्याला नव्या आराखड्यांच्या स्पर्धेची जोड दिली. तरुण वास्तुकाराने आराखडा काढावा, उस्तादाने तो आपल्या बाकावर घडवावा आणि दोघांच्या नावाने तो लोकांपुढे ठेवावा, अशी ही रीत पडली. १९६६ पर्यंत हे प्रदर्शन दरवर्षी भरत राहिले. चाळीस-पंचेचाळीस लाख वस्तीच्या एका लहान देशाचे फर्निचर जगभर गेले, त्याचा पाया येथे आहे.

शिक्षणाची बाजूही तितकीच पक्की होती. कोरे क्लिंट यांनी १९२४ पासून कोपनहेगनच्या राजकीय कला अकादमीत फर्निचरचा वर्ग चालविला. त्यांचे विद्यार्थी आधी मापे घेत. घरात सदरे किती, ताटे किती, घडी केलेल्या कापडाची रुंदी किती, हे मोजून मग खण ठरवावयाचा. माणूस बसतो कसा हे पाहून मग खुर्चीची उंची ठरवावयाची. जुन्या इंग्रजी, चिनी खुर्च्या मोडीत न काढता त्यांचा अभ्यास करावयाचा. नवेपणाचा हव्यास त्यात नव्हता, हिशेब होता.

हान्स वेग्नर यांचे उदाहरण घ्या. सीमेवरील टॉन्डर गावातील एका चांभाराचा हा मुलगा. चौदाव्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागला आणि सतराव्या वर्षी कारागिराची परीक्षा उतरला. पुढे त्याने पाचशेहून अधिक खुर्च्यांचे आराखडे काढले. १९४९ साली योहानेस हान्सेन या उस्तादाच्या कारखान्यात त्याची गोल पाठीची खुर्ची तयार झाली. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्या दूरदर्शनवरील वादफेरीत हीच खुर्ची होती, आणि ती अमेरिकेत घरोघरी ओळखीची झाली.

या खुर्चीची एक हकीकत आम्हांला त्या साऱ्या प्रसिद्धीहून मोलाची वाटते. तिची पाठ तीन तुकडे जोडून झालेली आहे. पहिल्या खुर्चीत हे सांधे वेग्नर यांच्या मनासारखे नव्हते, म्हणून त्यांवर वेत गुंडाळला होता. पुढे त्यांनी दातेरी सांधा शोधला, एकमेकांत बोटे अडकवावीत तसा. तो इतका नेटका बसला की वेत काढून टाकला आणि सांधा उघडा ठेवला. जे लपवावे लागत होते, तेच खुर्चीचे भूषण झाले. व्यापारात याहून चांगली शिकवण आम्हांला ठाऊक नाही.

फिन यूल यांचे उलट होते. ते वास्तुकार, सुतारकाम शिकलेले नव्हते. त्यांचे वळणदार आकार पाहून जुनी मंडळी नाके मुरडीत. ते आकार लाकडात उतरविले नील्स व्होडर यांनी. १९३७ ते १९५९ अशी बावीस वर्षे ही जोडी टिकली. यूल यांनी न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघात विश्वस्त मंडळाचे दालन सजविले, ते जगाला ठाऊक आहे. व्होडर यांचे नाव मात्र जाणकारांपुरते राहिले.

कोणी म्हणेल, हा सारा श्रीमंतांचा माल. तसे नाही. डेन्मार्कमधील ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाने, एफडीबीने, १९४२ साली बोर्गे मोगेन्सन यांना आपल्या फर्निचर विभागाचे प्रमुख केले. ते क्लिंट यांचेच विद्यार्थी. त्यांची १९४७ ची खुर्ची बीच लाकडाची, कागदी दोरीने विणलेल्या बैठकीची, सामान्य कुटुंबाला परवडावी अशीच होती. 'लोकांची खुर्ची' हे नाव तिला पडले आणि ती आजही बनते. स्वस्त म्हणजे भिकार, हे समीकरण तेथे सहकाराने मोडून काढले.

लाकडाचा मुद्दा आपल्या जवळचा आहे. युद्धानंतर डॅनिश कारखान्यांनी थायलंड व ब्रह्मदेशाचा साग भरपूर वापरला. ज्या 'टीक' नावाने तो जगभर विकला गेला, तो शब्दच मुळी मलयाळम 'तेक्कु' वरून पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेलेला. महागड्या मालासाठी ब्राझीलचा शिसव वापरीत. तो इतका तोडला गेला की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. २०१७ साली शिसवाच्या साऱ्या जातकुळीवर परवान्याचे बंधन आले आणि त्याची झळ आपल्या देशातील निर्यातदारांनाही बसली. जंगल संपले की हुनरही उपाशी राहतो, हे ध्यानी घ्यावे.

मग हा डोलारा खचला का? यशानेच खचविला, असे आमचे मत आहे. नाव झाले तसे मागणी वाढली, मागणीबरोबर नकला वाढल्या. सागाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला कोणताही माल 'डॅनिश' म्हणून खपू लागला. मजुरी चढली, प्लास्टिक आणि पोलादाची आवड आली. १९६६ साली संघाचे प्रदर्शन बंद झाले. पुढे योहानेस हान्सेन यांचा कारखानाही मिटला. १९८१ पासून डॅनिश सुतारांचे शरद प्रदर्शन पुन्हा भरू लागले खरे, पण मधली पंधरा वर्षे गेली ती गेलीच.

यंत्र आले म्हणून हात बुडाला, असे रडगाणे आम्ही गाणार नाही. वेग्नर यांची गोल खुर्ची आज पीपी म्योब्लर या कारखान्यात बनते. तेथे लाकडाचा ढोबळ आकार संगणकावरील यंत्र काढते आणि शेवटचा हात माणूस फिरवितो. वेग्नर यांचीच दुसरी एक खुर्ची १९५० पासून अखंड बनत आहे. तिच्या बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि ती आजही हातानेच विणली जाते. भांडण यंत्राशी नाहीच. भांडण आहे ते घाईशी, लपवाछपवीशी आणि कारागिराचे नाव पुसण्याच्या सवयीशी.

म्हणून या धंद्यातील आमच्या व्यापारी बंधूंना आमची तीन कामांची विनंती आहे. मालाच्या पावतीवर लाकडाची जात खरी लिहा. पापुद्रा असेल तर पापुद्रा म्हणा. ज्याच्या हाताने काम झाले त्या मिस्त्रीचे नाव मालावर येऊ द्या. आणि कोपनहेगनच्या उस्तादांप्रमाणे वर्षातून एकदा, गिऱ्हाईक नसले तरी, आपल्या शहरातील सुतारांचे नवे काम एका दालनात मांडा. खर्च थोडा आहे. ज्या मुलाला आज रंधा हातात धरण्याची लाज वाटते, त्याला तेथे आपल्या वडिलांचे नाव लिहिलेले दिसेल.