ॲम्प्लिफायरची घरघर : दोष शोधावा कसा?

सायंकाळी दुकान बंद करून घरी यावे, थोडा वेळ गाणे ऐकावे म्हणून ॲम्प्लिफायर सुरू करावा, आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज यावा. पंधरा-वीस मिनिटांनी तो आपोआप नाहीसा व्हावा, आणि दुसऱ्या दिवशी कारागीर आला की यंत्राने अगदी निर्मळ वाजावे, हा अनुभव अनेक घरांना आहे. सतत टिकणारा दोष सापडतो लवकर. अधूनमधून डोकावणारा दोष मात्र घरच्यांना आणि कारागिराला सारखाच थकवतो. अखेर कंटाळून लोक दोहोंपैकी एक मार्ग धरतात. कोणी चांगले यंत्र मोडीत काढतात, तर कोणी ऐकीव सल्ल्यावरून प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाकतात. पहिल्या मार्गात पैसा वाया जातो. दुसऱ्यात घरच्या माणसांचा जीव धोक्यात येतो.

वास्तविक अशा दोषाचा माग काढण्यास प्रारंभी कोणतेही उपकरण लागत नाही. लागते ती एक वही. रोजमेळात जशी प्रत्येक रक्कम त्या त्या दिवशी मांडली जाते, तशी घरघरीची नोंद आठ-दहा दिवस ठेवावी : आवाज किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, त्या वेळी घरात गीझर, पाण्याचा पंप, फ्रीज, पंखा, धुलाई यंत्र यांपैकी काय चालू होते, आणि ॲम्प्लिफायर किती वेळापासून सुरू होता. अधूनमधून येणारा आवाज बहुधा कशाच्या तरी सोबतीने येतो. ती सोबत कोणाची, हे वहीतून दिसू लागते.

त्यानंतर कान द्यावा तो आवाजाच्या जागेकडे. घरघर स्पीकरमधून येते की ॲम्प्लिफायरच्या पेटीतूनच? पेटीतून येत असेल, तर ती बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याची कंपने असतात. आपल्याकडील वीज सेकंदास 50 आवर्तनांची आहे, आणि गाभा त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदास 100 वेळा कंप पावतो. मंद गुणगुण स्वाभाविक समजावी. परंतु ती अचानक वाढली, पेटी नेहमीपेक्षा अधिक तापू लागली किंवा जळका वास आला, तर यंत्र तत्काळ बंद करावे.

आवाज स्पीकरमधून येत असेल, तर आवाजाचे बटण हळूहळू फिरवून पाहावे. घरघर त्याबरोबर कमी-अधिक होत असेल, तर तिचा उगम त्या बटणाच्या आधी आहे. म्हणजे सेट-टॉप बॉक्स, सीडी प्लेयर, संगणक, त्यांच्या तारा किंवा ॲम्प्लिफायरचा प्रारंभीचा भाग. बटण पूर्ण खाली आणूनही ती तशीच राहत असेल, तर उगम बटणाच्या पुढच्या भागात किंवा यंत्राच्या वीजपुरवठ्यात आहे. एवढ्या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

पहिल्या प्रकारात यंत्र बंद करून जोडलेल्या तारा एकेक करून काढाव्यात, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करून ऐकावे. आवाज एकाच स्पीकरमधून येत असल्यास डाव्या-उजव्या इनपुट तारांची ॲम्प्लिफायरच्या बाजूने अदलाबदल करावी. घरघर दुसऱ्या स्पीकरकडे गेली, तर दोष तारेत किंवा तिच्या मागच्या यंत्रात. जागेवरच राहिली, तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे.

केबल टीव्हीची तार काढताच आवाज थांबला, असे पुष्कळदा आढळते. त्यामागे ‘अर्थ लूप’ असतो. ॲम्प्लिफायर भिंतीतील प्लगमधून जमिनीशी जोडलेला असतो, तर केबलचे बाह्य आवरण इमारतीत अन्यत्र जमिनीशी जोडलेले असते. या दोन ठिकाणच्या विद्युत्-पातळ्या तंतोतंत सारख्या नसतात. त्या फरकामुळे ध्वनीच्या तारेच्या आवरणातून सूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि तोच संगीतात मिसळून ऐकू येतो. घरातील इतर उपकरणे चालू-बंद होतील तसा हा फरक बदलतो, म्हणून घरघरही येते आणि जाते.

इथेच वहीचे मोल कळते. गीझर सुरू करताच घरघर वाढते, असे वारंवार नोंदले गेले असेल, तर गीझरमधून अर्थच्या तारेत विजेची गळती होत असण्याची शक्यता धरावी आणि वायरमनकडून ती तपासून घ्यावी. अशा घरात ॲम्प्लिफायरने एका मोठ्या धोक्याची आगाऊ वर्दी दिलेली असते. तिथे अर्थची पिन काढून टाकली तर आवाज थांबेल, परंतु गळती थांबणार नाही. शिवाय ॲम्प्लिफायरच्या आत कधी विजेची तार पेटीला टेकली, तर प्रवाहाला जमिनीत जाण्याची वाट उरणार नाही, आणि पेटीला हात लावणारा माणूसच ती वाट होईल.

अर्थ लूपवर निर्धोक उपाय आहेत. संगीताची सर्व यंत्रे एकाच पट्टीवरून, एकाच सॉकेटमधून चालवावीत. केबलच्या तारेवर आयसोलेटर बसवावा, किंवा ध्वनीच्या तारेत ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. दोन्ही यंत्रांत सोय असल्यास ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूप तयारच होत नाही.

सगळ्याच घरघरी अर्थच्या नसतात. ‘घूंऽऽ’ ऐवजी ‘झर्रऽऽ’ असा कडक आवाज येत असेल, तर पंख्याचा सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून पाहावा. ही साधने विजेची लाट प्रत्येक आवर्तनात कापतात आणि त्याचे पडसाद तारांतून पसरतात. कपॅसिटरवर चालणारा पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवल्यास हा त्रास बहुधा मिटतो. थांबून थांबून ‘टर्र-टर्र-टर्र’ असा आवाज येत असेल, तर शेजारी ठेवलेला मोबाइल दूर न्यावा. 2जी पद्धतीचा फोन सेकंदास सुमारे 217 स्पंदने सोडतो आणि ती ॲम्प्लिफायर पकडतो. विजेच्या तारा आणि ध्वनीच्या तारा एकत्र गुंडाळून ठेवल्या असतील, तर त्या वेगळ्या कराव्यात. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात.

बटण खाली असूनही दोन्ही स्पीकरमधून जाडसर घरघर येत असेल, तर वीजपुरवठ्यातील कपॅसिटरवर संशय घ्यावा. विजेची लाट सपाट करणे हे त्यांचे काम. त्यांच्यातील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो, आणि त्यांची क्षमता घटते. स्थूल नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणून बंद कपाटात, कपड्याने झाकून ॲम्प्लिफायर ठेवू नये. यंत्र सुरू करताच घरघर असते आणि तापल्यावर कमी होते, हे जुन्या कपॅसिटरचे लक्षण आहे. याउलट अर्ध्या तासाने, यंत्र तापल्यावर ती सुरू होत असेल, तर तडकलेला डाख किंवा उष्णतेने बिघडणारा एखादा भाग शोधावा लागतो.

पेटी उघडण्याचे काम मात्र घरी करू नये. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. कारागिराला बोलवावे, वही त्याच्यासमोर ठेवावी, आणि चाचण्यांचे निष्कर्ष सांगावेत. वही न वाचता, यंत्र न ऐकता ‘बोर्डच बदलावा लागेल’ असे सांगणाऱ्यापासून, माल न पाहता भाव सांगणाऱ्या दलालापासून राहावे तसे, सावध राहावे. बदललेले जुने भाग परत मागावेत, आणि नव्या कपॅसिटरची व्होल्टची मर्यादा मूळ भागापेक्षा कमी नाही, याची खात्री करावी.

आणि ज्या दिवशी वायरमन गीझर पाहण्यास येईल, त्याच दिवशी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच नसल्यास बसवून घ्यावा, आणि असल्यास त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबून तो खरोखर पडतो का, हे घरातील सर्वांनी एकदा पाहावे.