हा कुणाचा ‘डॅडी’?

गेल्या दिवाळीत लालबागच्या एका चाळीत स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. खाली चौकात पोरांनी मातीचा किल्ला केला होता, त्यावर हळिवाची हिरवळ उगवली होती, मावळे पहाऱ्यावर उभे होते. पण पोरांचे लक्ष किल्ल्याकडे नव्हतेच. पांढरी टोपी घातलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खुर्चीवर ऐटीत बसला होता आणि बाकीची पोरे एकेक करून त्याच्यापुढे वाकत होती. ‘कसला रे हा खेळ?’ आम्ही विचारले. ‘डॅडी-डॅडी!’ पोरे एका सुरात ओरडली.

आम्ही हसलो. जिना चढताना मात्र ते हसू घशात अडकले.

हा डॅडी म्हणजे भायखळ्याच्या दगडी चाळीतला अरुण गवळी, हे काय वाचकांना सांगायला हवे? त्याच्यावरून 2015 साली मराठीत ‘दगडी चाळ’ निघाला. मकरंद देशपांडे त्यात डॅडी झाले. आणि तो प्रदर्शित कधी झाला? 2 ऑक्टोबरला, ऐन गांधीजयंतीच्या दिवशी! टोपीचा एवढा मान दुसऱ्या कुणी राखला नसेल. 2017 साली हिंदीत अर्जुन रामपाल यांचा ‘डॅडी’ आला, आणि 2022 साली मराठीने ‘दगडी चाळ 2’ही काढून टाकला. यातला हिंदी ‘डॅडी’ गल्लाभरू नव्हे, हे कबूल केले पाहिजे. अशिम अहलुवालिया यांनी तो जाणतेपणाने केला आहे. पण म्हणूनच तर भांडायचे! भिकार चित्रपट कुणाला फसवीत नाही. चांगल्या नटाचे डोळे फसवितात.

या चित्रपटांचे चाहते एक समर्थन नेहमी तयार ठेवतात. म्हणतात, ‘अहो, गिरण्या बंद पडल्या. पोटाला अन्न नाही. पोरांनी पिस्तूल हाती घेतले नसते तर काय केले असते?’ ऐकायला हे मोठे कनवाळू वाटते. आम्हाला मात्र गिरणगावाची याहून मोठी बदनामी माहीत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केले नाही. भोंगेच थांबले. आता हिशेब करा. अडीच लाख माणसे, म्हणजे अडीच लाख चुली. त्यांतल्या किती घरांत पिस्तूल शिरले? मूठभर. बाकीच्यांनी काय केले, ते विचारा ना! कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे गावी परतला आणि भावाच्या बांधावर मजुरीने राबला. कुणी भाजीची पाटी घेऊन बसला. ज्या बायकांनी गिरणीतल्या एकट्या पुरुषांना खाणावळीतून जेवू घातले, त्यांनी उधारीची वही बंद केली नाही. मंगळसूत्र गहाण टाकले. आणि फिनिक्स मिलच्या जागेवर दिव्यांचा झगमगाट झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आल्या, तेव्हा गिरणगावातलीच माणसे अशा इमारतींच्या दारांत खाकी गणवेश घालून, येणाऱ्या मोटारींना सलाम ठोकीत उभी राहिली. त्यांनाही भूक होती. त्यांच्याही पोरांची फी थकली होती. त्यांनी कुणाची सुपारी घेतली नाही. अशा माणसाच्या तोंडावर ‘गरिबीने माणूस गुंड होतो’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या चाळीस वर्षांच्या सचोटीला ‘तुला जमले नाही, म्हणून’ असे हिणवणे आहे.

कलावंताला स्वातंत्र्य नको काय? हवे. बंदीची मागणी करणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. गुंडावर चित्रपट काढू नये, असेही नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये एकाच घरातली भावंडे आहेत. त्यांतला एक गुंडगिरीत जातो, बाकीची जात नाहीत, आणि आई सगळ्यांकडे पाहत बसते. महेश मांजरेकरांनी 2010 साली त्यावरच ‘लालबाग परळ’ काढला. गुंड तिथेही आहे. पण घरात एकटा नाही.

कुणी म्हणेल, लोकांनीच त्याला 2004 साली चिंचपोकळीतून आमदार केले. केले, खरे आहे. भीतीने किती आणि प्रेमाने किती, ते मतपेटी सांगत नाही. पण त्यानंतरचेही सांगा. मार्च 2007 मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना त्यांच्या घरात गोळ्या घालण्यात आल्या. 2012 साली विशेष न्यायालयाने त्या खुनात गवळीला दोषी धरून जन्मठेप दिली, 2019 साली उच्च न्यायालयाने ती कायम केली. अपील प्रलंबित असताना, ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि तो दगडी चाळीत परतला. न्यायाचे काय ते न्यायालय पाहील. आमचा प्रश्न साधा आहे. ‘डॅडी’ नावाचा चित्रपट आहे, ‘दगडी चाळ’ नावाचे दोन आहेत. जामसांडेकरांच्या नावाचा चित्रपट आमच्या तरी पाहण्यात नाही. त्यांची भूमिका करायला कुणी नट वजन कमी करणार नाही, की नाक बदलून घेणार नाही. मेलेल्या माणसाला तिकीटबारीवर भाव नसतो.

फराळ आटोपून खाली उतरलो तेव्हा खेळ चालूच होता. टोपीवाला मुलगा आमच्या स्नेह्यांचाच नातू निघाला. आम्ही त्याला जवळ घेऊन विचारले, ‘तुझे आजोबा साचेखात्यात होते ना रे? संपात घर कसे चालविले त्यांनी?’

‘ठाऊक नाही,’ तो म्हणाला आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला.

वर गॅलरीत आजोबा कठड्याला टेकून उभे होते. संपानंतरची एकवीस वर्षे त्यांनी पहाटे साडेतीनला उठून घरोघर दूध टाकले होते. पोराचा खेळ ते पाहत होते.