सोबत मागणं ही चैन नव्हे

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर बावीस वर्षांची एक मुलगी बांबूच्या वस्तू विणते. टोपली, सूप, इरलं ती आजीकडून शिकली. आता तिच्या डोक्यात स्वतःचे आकार येतात. कधी झाकणाची पेटी, कधी दिव्याभोवतीची जाळी. गेलं वर्षभर ती मला एकच विचारते आहे, "ताई, असं काही करणाऱ्या दुसऱ्या पोरी आहेत का हो इथं कुठं?"

तिचं म्हणणं मी ठिकठिकाणी नेलं. एका कार्यालयात सांगितलं, कर्जाचा अर्ज भरा. एका संस्थेनं विचारलं, महिन्याला किती नग देईल? तिच्याच गटात उत्तर मिळालं, आधी हप्त्याचं बोलू. तिनं कर्ज मागितलं नव्हतं की गिऱ्हाईक मागितलं नव्हतं. कामटी का मोडली, वीण कुठं सैल पडली, रंग कशाचा दिला, हे जिच्याशी बोलता येईल अशी सोबत तिला हवी होती.

कार्यकर्त्या मैत्रिणीही म्हणतात, "भातकापणी संपली की बाया वीटभट्टीवर जातात, तिथं ही चैन कशाला?" मला हा प्रश्नच मान्य नाही. गावातले पुरुष भजनाला जमतात, क्रिकेटच्या सामन्यांसाठी मैदान आखतात, नाक्यावर तासन्‌तास बसतात. त्यातून उत्पन्न किती, असं त्यांना कोणी विचारत नाही. बाईला मात्र घराबाहेर बसायला कारण दाखवावं लागतं. हळदीकुंकू, बचत, बाळाचं लसीकरण चालतं. आपल्या हुन्नरासाठी चार जणी जमल्या, हे कारण अजून कुणाच्या यादीत नाही.

जमायला जागा नसली की बाईच्या कलेचं काय होतं, हे आपल्या भागानं पाहिलं आहे. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या वारली घरांत लग्नाचा चौक सवासिनी मिळून लिहीत आणि धवलेरी गाणी म्हणे. काम अनेकींचं होतं, त्यावर नाव कुणाचंच नव्हतं. १९७० च्या दशकात हस्तकला मंडळाचे भास्कर कुलकर्णी कागद घेऊन तिकडे गेले आणि हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं, कागदावरून बाजारात गेलं. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा तो मान रास्तच होता. पण भिंतीपाशी बाया होत्या, तर कागदाखालची नावं बहुतेक पुरुषांची का? कागद विकायचा तर शहरात जावं लागतं, मुक्काम करावा लागतो, भाव ठरवावा लागतो. बाईला ती मोकळीक नव्हती. एकत्र बसून 'हे आमचं आहे' असं म्हणायला जागाही नव्हती.

आजचं धोरणही तीच वाट तुडवतं. २०२३ साली आलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत टोपल्या-चटया विणणारेही आहेत. पण नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबातून लाभ एकालाच. बाप कामट्या काढतो, मायलेकी विणतात. अर्जावर नाव कुणाचं जाणार, हे तुम्हांला सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. महिन्यातून एक दिवस, एकदा शहापूरला, एकदा मुरबाडला, शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली मिळावी. २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. पाड्यावरून फाट्यापर्यंतचं जीपचं भाडं गटानं द्यावं. लहान मुलं सांभाळायला एक जण असावी. त्या दिवशी नगांचा हिशेब नको. मुरबाड तालुक्यात पौषात म्हशाची जत्रा भरते, तिथं जनावरांच्या बाजाराला एवढी जागा मिळते, तर हुन्नरी बायांना बसायला एक मांडव मिळायला काय हरकत आहे? आणि कुटुंबातून एकच नाव ही अट काढा, असा ठराव ग्रामसभांनी करावा.

या दोन तालुक्यांत काम करणाऱ्या मैत्रिणींनो, आपापल्या पाड्यावर विणणारी, शिवणारी, रंगवणारी एक तरी मुलगी शोधा. काय विकतेस, हे तिला नंतर विचारा. आधी विचारा, तुला कुणाला भेटायचं आहे?