बर्ड फ्लू हवेतून पसरेल का? उत्तर फेरेटच्या शिंकेत

बर्ड फ्लूची बातमी आली की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : चिकन खायचे की नाही? त्याचे उत्तर सोपे आहे. नीट शिजवलेले असेल तर खुशाल खा. अवघड प्रश्न वेगळाच आहे. हा विषाणू एका माणसाच्या खोकल्यातून दुसऱ्याला होऊ शकतो का?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. देशात कोंबड्यांमधील एच५एन१चा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला. २०१९ मध्ये मेळघाटातील एका बालकात एच९एन२ हा पक्ष्यांमधला विषाणू सापडला. माणसातील ती देशातली पहिली नोंद. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने दगावले. विषाणू पक्ष्यांपुरता राहिलेला नाही.

जनुकीय क्रम वाचून विषाणू कोणत्या घराण्यातला, हे कळते. तो हवेतून पसरेल का, हे नुसत्या क्रमावरून खात्रीने सांगता येत नाही. तिथे फेरेट लागतो.

फेरेट दिसायला मुंगसासारखा, पण पाणमांजराच्या कुळातला. फ्लू झाला की त्याला ताप येतो, नाक गळते आणि तो चक्क शिंकतो. माणसाचा फ्लू श्वसनमार्गातील पेशींवरच्या ज्या शर्करा-रेणूला चिकटतो, तो फेरेटच्या नाका-घशातही आपल्यासारखाच असतो. पक्ष्यांचा विषाणू थोड्या वेगळ्या जोडणीचा रेणू शोधतो. प्रयोगशाळेतल्या उंदराला माणसाचा फ्लू सहजी होत नाही आणि तो शिंकतही नाही.

ही युक्ती जुनी आहे. १९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील धुवण फेरेटच्या नाकात सोडले आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला. फेरेट तिथे होते ते खरे तर कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या अभ्यासासाठी. पुढे १९३६ मध्ये एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्या संशोधकालाच फ्लू झाला. पुरावा याहून घरपोच काय मिळणार?

आजची चाचणी साधी आहे. दोन पिंजरे शेजारी, मध्ये भोके असलेली भिंत. स्पर्श नाही, फक्त हवा. एकात आजारी फेरेट, दुसऱ्यात निरोगी. निरोगी फेरेट आजारी पडला, तर धोक्याची घंटा.

पण या घंटेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील एका व्यक्तीला गायींमध्ये पसरलेल्या एच५एन१ची लागण झाली. त्रास काय, तर डोळे आले. त्याच रुग्णाचा विषाणू टोचलेले फेरेट मात्र मेले. तो फेरेटमध्ये स्पर्शाने सहज पसरला, हवेतून कमी. ‘फेरेट मेले, आता माणसांची पाळी’ असा मथळा देणे म्हणूनच चूक. अशा प्रयोगात प्राणी मोजकेच असतात, हेही विसरता कामा नये.

एप्रिल २०२५ मध्ये फरीदाबादच्या टीएचएसटीआय संस्थेत फेरेट संशोधन केंद्र सुरू झाले. स्वागत करावे, पण दोन अटींवर. पहिली, गोरेवाड्यासारख्या घटनेतील विषाणूची पसरण्याची क्षमता तपासली जावी आणि निष्कर्ष जिल्ह्याच्या आरोग्य व पशुसंवर्धन खात्यापर्यंत समजेल अशा भाषेत पोहोचावा. शोधनिबंध वर्षाने छापून आला, तर साथीत त्याचा काय उपयोग? दुसरी अट प्राण्यांची. फेरेटला हाल भोगावे लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. किती वापरले, का वापरले, हे जाहीर व्हावे. २०२३ च्या नियमदुरुस्तीने औषध चाचणीत प्राण्यांऐवजी पर्यायी पद्धतींना वाट करून दिली आहे. मानवी पेशींवर मिळणाऱ्या उत्तरासाठी फेरेटचा बळी नको. हवेतून प्रसार तपासायला मात्र जिवंत, श्वास घेणारा प्राणीच लागतो.

कोल्हापूरच्या दृष्टीने याचा संबंध थेट पोल्ट्री शेडमधल्या मजुराशी आहे. विषाणूने उडी मारली, तर पहिली गाठ त्याच्याशीच पडेल. चिकनचे दर किती पडले हे त्याच दिवशी कळते; आपल्या शेडमधला विषाणू किती पसरणारा आहे, हे त्याला आज कोणीच सांगत नाही. तोवर मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नये आणि एकदम अनेक पक्षी मेले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.