पुड्यातले जिवाणू जिवंत आहेत का, ते दुकानात तपासा

मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले गुणनियंत्रण निरीक्षक यांस,



मण्यात पाणी उतरायच्या सुमारास आभाळ भरून आलं की द्राक्षावर भुरी येते. तेव्हा रासायनिक बुरशीनाशक मारावं, तर काढणीपूर्वी पाळायचे दिवस उरलेले नसतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशापायी युरोपने आपली द्राक्षं नाकारली, तो घाव बागायतदार विसरलेले नाहीत. म्हणून बॅसिलस सबटिलिससारखे जिवाणू आम्हाला हवेत. ते बुरशीच्या आधी पानावर जागा धरतात आणि इट्युरिन, फेंजायसिन अशी द्रव्यं सोडून तिच्या पेशींचं आवरण फोडतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने या जिवाणूंवर काम केलं आहे. रोग भडकल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही, फवारणी आधीच हवी, हेही आम्ही जाणतो.

पण हे औषध जिवंत आहे, आणि ते विकलं जातं निर्जीव मालासारखं. पुड्यावर ग्रॅमला १० कोटी जिवाणू छापलेले असतात. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिल्यावर त्यातले किती उरले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बॅसिलस बीजाणू करतो, त्यामुळे तो उन्हाळा बराच सोसतो. असाच विकला जाणारा दुसरा जिवाणू, स्यूडोमोनास फ्लुरोसन्स, बीजाणू करत नाही. उष्णतेने तो मरतो. तरी दोन्ही एकाच फळीवर, कीटकनाशकांच्या शेजारी ठेवलेले दिसतात. वर सल्ला मिळतो, कॉपरबरोबर टाकीत मिसळून मारा. तांब्याने बुरशी मरते तसे हे जिवाणूही मरतात. मग गुण आला नाही की बागायतदार म्हणतो, जैविकात दम नाही, आणि पुन्हा रसायनाकडे वळतो. माझ्या मते जैविक नियंत्रणाचं सर्वांत मोठं नुकसान या मेलेल्या पुड्यांनीच केलं आहे.

म्हणून तपासणीचे नमुने कारखान्यातून नकोत, कृषी सेवा केंद्राच्या फळीवरून घ्या, तेही एप्रिल-मेमध्ये. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत जिवंत जिवाणूंची मोजणी करून घ्या आणि बॅचनिहाय निकाल जाहीर करा. जिवाणूजन्य औषधं विकायची तर थंड जागेची सोय असल्याशिवाय परवाना देऊ नका. कशात मिसळायचं नाही, ते पुड्यावर ठळक मराठीत छापायला लावा.

या निकालांची पहिली यादी येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी आमच्या हाती द्या, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार