इंग्लंडची फुलराणी

दोस्तांनो, ‘ती फुलराणी’तली मंजुळा तुम्हांला माहीत आहे ना? नसेल, तर आईबाबांना विचारा. १९७५ साली भक्ती बर्वे यांनी ती अशी काही रंगवली की बस्स! पु. लं.नी ते नाटक बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतलं होतं. त्याच ‘पिग्मॅलियन’वरून अमेरिकेत १९५६ साली एक संगीत नाटक आलं, ‘माय फेअर लेडी’. त्यातली फुलवाली झाली होती वीस वर्षांची ज्युली अँड्र्यूज. ‘साउंड ऑफ म्युझिक’मध्ये डोंगरावर हात पसरून गाणारी मारिया, ती हीच.

ज्युलीचा जन्म १ ऑक्टोबर १९३५चा, इंग्लंडमधला. आई पियानो वाजवायची, सावत्र वडील गायक. त्यांनी पोरीला गाणं शिकवायला घेतलं आणि थक्कच झाले. घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, हिचं स्वरयंत्र जवळजवळ मोठ्या माणसाइतकं तयार आहे! बाराव्या वर्षी ती लंडनच्या मोठ्या थिएटरात गायली आणि पुढच्याच वर्षी खुद्द राजेसाहेबांसमोर.

पण गाता आलं म्हणजे अभिनय येतोच असं नाही, बरं का! ‘माय फेअर लेडी’च्या तालमींत ज्युली चक्क अडली. गाणी झकास, पण फुलवाली काही उभी राहीना. गंमत म्हणजे लंडनच्या गल्लीतली ती ठसकेबाज बोली या इंग्रज मुलीला येतच नव्हती. ती शिकवायला एक अमेरिकन मास्तर ठेवावे लागले! शेवटी दिग्दर्शक मॉस हार्ट यांनी बाकीच्या मंडळींना सुट्टी दिली आणि दोन दिवस फक्त ज्युलीला घेऊन बसले. रागावले, चुचकारलं, एकेक वाक्य घोटून घेतलं. दोन दिवसांनी फुलवाली सापडली, आणि नाटक तुफान चाललं.

पुढे त्याचा सिनेमा करायचं ठरलं. ज्युलीशिवाय दुसरी कोण? पण निर्माते जॅक वॉर्नर यांना पडद्यावर आधीच गाजलेलं नाव हवं होतं. त्यांनी ऑड्री हेपबर्नला घेतलं. ती नटी गुणी होती हं, पण तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या दुसऱ्याच गायिकेनं म्हटली! ज्युलीला काय वाटलं असेल?

इकडे वॉल्ट डिस्ने यांनी तिला दुसऱ्या एका नाटकात पाहून ‘मेरी पॉपिन्स’साठी विचारलं होतं. ती म्हणाली, मला बाळ होणार आहे. ते म्हणाले, आम्ही थांबू. आणि खरंच थांबले! दोन्ही सिनेमे १९६४ सालीच आले. ऑस्करला ऑड्रीचं नाव यादीतसुद्धा नव्हतं, आणि पहिल्याच सिनेमाला बक्षीस मिळवलं ज्युलीनं. त्याआधी ‘गोल्डन ग्लोब’ घेताना तिनं हसत हसत आभार कोणाचे मानले असतील? जॅक वॉर्नर यांचे! टोला असा हवा.

‘साउंड ऑफ म्युझिक’ १९६५चा. तो सुरुवातीचा डोंगर आठवा. कॅमेरा होता हेलिकॉप्टरमध्ये. दर वेळी ते वळून जाताना असा वारा सुटायचा की बिचारी ज्युली गवतात आडवी! उठायचं, कपडे झटकायचे, पुन्हा गिरकी.

मग १९९७ साल आलं. रोज रंगभूमीवर गाऊन तिचा घसा बसत होता, म्हणून शस्त्रक्रिया केली. आणि गाणाराच आवाज गेला, कायमचा. ज्या आवाजावर लहानपणापासून सगळं उभं होतं, तोच. वय होतं एकसष्ट. तिनं काय केलं? लेक एमाला सोबत घेऊन मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं लिहायला घेतली. ‘प्रिन्सेस डायरीज’मध्ये राणी झाली, आणि २००४ साली त्याच्या दुसऱ्या भागात, उरल्यासुरल्या चार सुरांत बसेल असं एक छोटं गाणंही म्हणाली.

आणि हो, ‘डेस्पिकेबल मी’ पाहिलाय ना? पुन्हा लावाल, तेव्हा ग्रूच्या त्या खडूस आईचा इंग्रजी आवाज जरा कान देऊन ऐका. ओळखलात?